ऊठ, इमेल्डा

नुआला माझी वहिनी, म्हणजे माझ्या भावाची, फिंटनची बायको. गावात टपाल वाटते. आमच्या किलमोऱ्यात असं एक दार नाही जिथे ती आठवड्यातून दोनदा तरी उभी राहत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात जे झालं ते तिला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त जड गेलं. माणूस चार दिवस तोंड लपवून घरात बसू शकतो, पण टपालवाली कुठे लपणार?

मी केस कापते. चर्चसमोर माझं दुकान आहे. गावातली निम्मी बातमी माझ्या आरशासमोर बसून सांगितली जाते आणि उरलेली निम्मी मला न विचारताच कळते. तरी ती गोष्ट मला एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवली तेव्हा माझ्या हातातला कंगवा खाली पडला.

झालं होतं असं. नुआला आणि इमेल्डा टूही या आमच्या धावण्याच्या क्लबातल्या दोघी. उन्हाळाभर त्या दोघींनी एकत्र सराव केला. पहाटे तळ्याकाठी, रविवारी लांब, पावसात, वाऱ्यात. इमेल्डाचा नवरा औषधांचं दुकान चालवतो. बाई उंच, दिसायला देखणी, आणि गावची पाच किलोमीटरची शर्यत सलग सहा वर्षं तिनेच जिंकलेली. मॅरेथॉन मात्र दोघींचीही पहिलीच होती. शहरात गेल्या, एका खोलीत राहिल्या, एकमेकींचे नंबर जर्सीला टाचून दिले. आणि शर्यतीत नुआला पुढे निघाली. कुणालाच वाटलं नव्हतं. इमेल्डाला तर अजिबातच नाही.

शेवटचे थोडे किलोमीटर राहिले असताना नुआलाला जुलाब सुरू झाले. मग पायात गोळे आले. ती रस्त्यावर पडली, आणि उभं राहता येईना म्हणून चार पायांवर रांगायला लागली. कपडे खराब झालेले, तोंडातून लाळ गळतेय, नजर कुठेतरी शून्यात. अशात मागून इमेल्डा आली. थांबली. दंडाला बांधलेला मोबाइल काढला आणि चित्रण केलं. त्यात तिचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. "बघा रे, आमची नुआला चरायला निघाली!" आणि हसणं. मग ती पळत पुढे गेली, आणि संध्याकाळी ते क्लबच्या ग्रुपवर टाकलं. खाली गाईचं चित्र. फिंटनच्या गोठ्यात चाळीस गाई आहेत ना, म्हणून.

क्लबच्या ग्रुपवरून ते गावात यायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

नुआलाने ती मॅरेथॉन पूर्ण केली, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. वैद्यकीय तंबूत तिला कांबळ्यात गुंडाळलं, पाणी पाजलं, आणि ती उठून पुन्हा रस्त्यावर गेली आणि चालत चालत रेषा ओलांडली. घरी आली तेव्हा पायाची दोन नखं काळी पडलेली, आणि जिना उतरायचा तर उलटं, कठड्याला धरून. सोमवारी ती कामावर गेली. चौकात पोरं हंबरली. ओ'ड्रिस्कॉलच्या बारमधल्या माणसाने पत्र घेताना विचारलं, "आज हिरवा चारा मिळाला की नाही?" नुआलाने सही घेतली आणि गाडीत बसली.

इमेल्डा दोन दिवसांनी भेटायला गेली, हातात केक घेऊन. मी तिथेच होते.

"अगं, गंमत होती गं ती. तू मनावर घेतलंस की काय?"

"नाही," नुआला म्हणाली.

"मला वाटलं तू रागावलीस."

"केक तिथे ठेव."

इमेल्डा गेल्यावर नुआलाने तो केक उचलला, मागच्या दाराने बाहेर नेला आणि कोंबड्यांना घातला. सगळा. अगदी हातांनी कुस्करून. मग हात धुतले आणि मला म्हणाली, "ब्रीजी, स्टीफन्स डेची शर्यत ती माझ्या हातून हरणार."

"वेडी आहेस का? तुला धड चालता येत नाही."

"अजून नाताळ लांब आहे."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्टीफन्स डेला, आमच्या गावची ती पाच किलोमीटरची शर्यत असते. लंडन, बोस्टन, सिडनी, जिथे जिथे किलमोऱ्याची पोरं गेलीत ती सगळी त्या दिवशी घरी असतात. आदल्या दिवसाचं खाणं पोटात दगडासारखं असतं, आणि सगळं गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून कोण कोण मेलं ते बघतं. गावात कुणाचं नाक कापायचं असेल तर त्याहून चांगला दिवस नाही.

नुआला डिनी रूर्ककडे गेली. डिनी म्हातारा आमच्या क्लबचा प्रशिक्षक. आयुष्यभर खाटीक होता, त्यामुळे माणसाच्या पायाकडे बघतानाही तो मांडीचा तुकडा कसा निघेल असं बघतो. त्याने तिला टेबलावर बसवलं, घोटे दाबले, कंबर दाबली आणि म्हणाला, "पळायचं नाही."

"किती दिवस?"

"मी सांगेन तोवर. मॅरेथॉन लगेच उतरत नाही पोरी. ती दारूसारखी असते. तुला वाटतं शुद्धीवर आले, आणि उठायला जावं तर पाय तिसरीकडेच. हाडं गप्प बसू देत आधी."

"डिनी, मला तिला हरवायचंय. तुम्हाला माहितीये कुणाला."

म्हातारा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. त्यानेही ते चित्रण पाहिलेलं. सगळ्यांनीच पाहिलेलं.

"मग नीट ऐक," तो म्हणाला. "पाच किलोमीटर म्हणजे लांबचा प्रवास नाही. ती बारच्या दारातली मारामारी आहे. तिथे दमदार माणूस जिंकत नाही. ज्याला दुखवायची हौस आहे तो जिंकतो."

"हौस आहे."

"ते दिसतंय. पण पाय नाहीत. पाय आण, मग ये."

तिने पाय आणले. नोव्हेंबरभर ती तालुक्याच्या तरणतलावात पोहली, टपालाची गाडी लांब उभी करून घरोघर चालत गेली, रात्री फिंटनकडून पोटऱ्या चोळून घेतल्या. नखं गळाली, नवी यायला लागली. कंबरेतली कळ गेली. त्यानंतर डिनीने तिला दलदलीच्या रस्त्यावर नेलं. तो रस्ता सरळ, कुणी येत-जात नाही. एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत जीव खाऊन पळायचं, परत चालत यायचं, पुन्हा पळायचं. मी एकदा त्यांना गरम सूप घेऊन गेले होते. नुआला माझ्या समोरून गेली तेव्हा ती काहीतरी पुटपुटत होती. आधी मला वाटलं प्रार्थना म्हणतेय. मग ऐकलं. श्वास सोडताना ती "इ-मेल्-डा, इ-मेल्-डा" म्हणत होती.

"झोपेतही म्हणते," फिंटन मला म्हणाला. "गाईसुद्धा तिला बिचकायला लागल्यात. ब्रीजी, तू बोल ना तिच्याशी."

"काय बोलू?"

"सोडून दे म्हणावं."

"तूच बोल."

"मी बोललो. माझ्याकडे असं बघितलं की मी जाऊन दूध काढलं. काढायची वेळ नव्हती तरी."

नाताळच्या आधी इमेल्डा माझ्या दुकानात केस करून घ्यायला आली. दरवर्षी येते, शर्यतीनंतर छायाचित्रं निघतात ना. मी तिचे केस धुतले. डोकं मागे टाकून, गळा उघडा करून ती बेसिनवर पडली होती, आणि मला म्हणाली, "नुआला धावणारे म्हणे."

"असं ऐकलंय."

"छान. बरं वाटलं. बिचारीला सुरुवात करायला छोटी शर्यतच बरी." मग डोळे मिटूनच हसली. "या वेळी मोबाइल घरी ठेवते मी."

मी तिचे केस सुंदर करून दिले. माझ्या हातून इतके चांगले केस क्वचितच झाले असतील. ज्या दिवशी तिचं व्हायचं ते होईल, त्या दिवशी ती छायाचित्रात नीट दिसली पाहिजे असं मला वाटलं.

स्टीफन्स डेला थंडी होती, पण कोरडी. माझं काम पुलावर. पिवळं जाकीट घालून उभं राहायचं, गाड्या थांबवायच्या, धावणाऱ्यांना डावीकडे वळवायचं. शर्यत चर्चपाशी सुरू होते, जुन्या दूधसंघावरून खाली येते, तळ्याला वळसा घालते आणि पूल ओलांडून टेकडी चढून सभागृहापाशी संपते. पुलावरून ती शेवटची टेकडी पायथ्यापासून वरच्या रेषेपर्यंत सगळी दिसते. वर गर्दी होती, आणि फादर कॉल्म ध्वनिक्षेपकावरून कोण कुठून आलंय ते सांगत होते.

पुढचं मला नुआलाने सांगितलं. इमेल्डा नेहमीसारखी सुरुवातीपासून सुसाट निघाली. तिची रीतच ती, पहिल्या वळणापर्यंत बाकीच्या बायकांची उमेद संपवायची. नुआला तिच्या उजव्या खांद्यामागे चिकटली. पुढे गेली नाही, मागेही राहिली नाही. दूधसंघापाशी इमेल्डाने वेग वाढवला, नुआलाने वाढवला. तळ्यापाशी तिने कमी केला, नुआलानेही केला. तोंड उघडं ठेवून ती मुद्दाम मोठ्याने श्वास घेत होती, इमेल्डाच्या कानात पडेल असा.

"पुढे जा ना!" इमेल्डा शेवटी ओरडली.

"घाई नाही."

"काय चाललंय तुझं?"

"चरतेय."

मग इमेल्डा पळाली. खरंच पळाली, घाबरून, एवढ्या लवकर पळू नये तशी. डिनीने नेमकं तेच सांगितलं होतं. तिला तिच्या बुद्धीने पळू द्यायचं नाही, भीतीने पळवायचं.

पुरुषांतले पुढचे सगळे माझ्या समोरून गेले, आणि मग त्या दोघी तळ्याच्या वळणावर दिसल्या. इमेल्डाचा चेहरा राखाडी झाला होता. पुलावर पाय ठेवला आणि तिचा ताल गेला. दोन पावलं, तीन पावलं, मग तिने कठडा धरला आणि ओकली. आदल्या दिवसाचं सगळं जेवण. मग गुडघे टेकले तिने, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, आणि त्या सुंदर केसांचा पुढचा भाग त्यात बुडाला.

नुआला तिला मागे टाकून गेली. टेकडीच्या पायथ्याला लागली. मी ओरडले, "जा नुआला! जा!" समोर कुणी बाई नव्हती. चषक तिचा होता.

ती थांबली.

वळून परत आली. मला वाटलं, ही आता तिला लाथ मारणार. खरं सांगायचं तर मी दुसरीकडे बघायच्या तयारीत होते. ती इमेल्डासमोर उकिडवी बसली.

"ऊठ."

"नाही... पोटात..."

"पोटातलं मला माहितीये. ऊठ."

"जा ना तू." इमेल्डा रडत होती. "जिंकलीस ना? जा. जाऊ दे मला."

"अशी नाही." नुआलाचा आवाज अगदी शांत होता, दारात पत्र देताना असतो तसा. "तू इथे बसलीस तर संध्याकाळी ओ'ड्रिस्कॉलकडे सांगशील, पोट बिघडलं म्हणून. सगळे म्हणतील, बिचारी इमेल्डा, नाहीतर जिंकलीच असती. मला ते चालणार नाही. तू दोन पायांवर असताना मला तुला हरवायचंय, सगळं गाव बघत असताना. ऊठ, इमेल्डा."

तेवढ्यात तिसरी मुलगी आली. डोनलन सुताराची एमर, गॉलवेला डॉक्टरी शिकते ती. ती थबकली. "काही मदत हवीय का?"

"नको गं. तू पळ. चषक घे जा," नुआला म्हणाली, तिच्याकडे न बघता.

एमर गेली. नुआलाने इमेल्डाच्या काखांत हात घातले आणि तिला उचललं. मी मदतीला पुढे झाले तर मला म्हणाली, "तू गाड्या बघ." इमेल्डाला तिने स्वतःच्या बाहीने तोंड पुसायला लावलं, तिचा हात खांद्यावर घेतला आणि चालायला लागली.

वरून टाळ्यांचा कडकडाट झाला. टेकडीवरच्या माणसांना काय दिसत होतं? पडलेल्या मैत्रिणीसाठी शर्यत सोडून परत आलेली बाई. फादर कॉल्म तर ध्वनिक्षेपकावर गहिवरलेच. "बघा, बघा, नाताळचा खरा अर्थ बघा!" बायकांनी रुमाल काढले. मी पुलावर पिवळ्या जाकिटात उभी होते आणि अंगावर काटा आला होता, पण वेगळ्या कारणाने.

"सोड मला," इमेल्डा म्हणत होती. "सोड. तू राक्षसीण आहेस."

"सोडते. त्या दिव्याच्या खांबापाशी. तिथून तुझी तू."

खांबापाशी नुआलाने खरंच तिला सोडलं. "आता पळ."

आणि इमेल्डा पळाली. मी त्या बाईला आजही देखणी म्हणते ते त्या टेकडीमुळे. ओकलेली, रडलेली, केस चिकटलेले, पण पेटून पळाली. क्षणभर ती पुढेही गेली. नुआलाने तिला जाऊ दिलं. मग निम्म्या चढावर ती शेजारी आली, आणि थोडं अंतर दोघी खांद्याला खांदा लावून. गावाला वाटलं, आता या हातात हात घालून रेषा ओलांडणार. कुणीतरी ओरडलंही, "हात धरा! हात धरा!"

नुआला मान न वळवता तिच्या पुढून निघून गेली. अंगात काही बाकी ठेवलं नाही तिने. रेषेपाशी पोचली तेव्हा इमेल्डा बरीच मागे होती. एकटी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तोंड वेडंवाकडं झालेली. टाळ्या जरा अडखळल्या. मग पुन्हा सुरू झाल्या.

सभागृहात चहा, हॅमचे सँडविच, उरलेला नाताळचा केक. एमरला चषक मिळाला, आणि तो घेताना ती सारखी नुआलाकडे बघत होती. मग फादर कॉल्म म्हणाले की समितीने आत्ताच एक खास बक्षीस ठरवलंय, खिलाडूवृत्तीसाठी. बिस्किटांचा मोठा डबा होता, कुणीतरी सोडतीसाठी दिलेला. बक्षीस द्यायला गेल्या वर्षीची विजेती. म्हणजे इमेल्डा.

तिने तोंड धुतलं होतं. डबा हातात घेऊन ती उभी राहिली. फादरनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला. "दोन शब्द बोला ना, इमेल्डा."

"नुआलाने..." ती थांबली. "नुआलाने मला उचललं. मी तिची आभारी आहे."

एवढं बोलायला तिला टेकडी चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. नुआलाने डबा घेतला, आणि कुणी न सांगता ध्वनिक्षेपकही घेतला.

"यात माझं काही मोठेपण नाही," ती म्हणाली. "ऑक्टोबरात मी रस्त्यात पडले होते तेव्हा इमेल्डाही माझ्यापाशी थांबली होती. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

बस, एवढंच. आणि ध्वनिक्षेपक परत दिला.

ओ'ड्रिस्कॉलचा माणूस स्वतःच्या बुटांकडे बघत होता. औषधवाला टूही बायकोकडे बघत होता, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदाच काहीतरी वेगळं दिसलं. डिनी म्हातारा कोपऱ्यात सँडविच खात होता. त्याने एकट्याने टाळी वाजवली, तीनदा, सावकाश. मग घास चावत राहिला.

नंतर मी आणि नुआला स्वयंपाकघरात कप धूत होतो तेव्हा इमेल्डा आली. दारातच उभी राहिली.

"माफ कर," ती म्हणाली. "ते मी करायला नको होतं. मला राग आला होता तुझा. तू पुढे होतीस. म्हणून."

नुआलाने कप पुसला, खाली ठेवला.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "मला वाटत होतं तुलाही कारण माहीत नाही की काय."

"मग? झालं ना आता? फिटलं?"

"नाही."

"अजून काय करू मी?"

"काही नको. मला तुला माफ करायचं नाहीये, एवढंच. जा तू घरी, गारठशील."

इमेल्डा गेली. वसंतात तिने नदीपलीकडच्या क्लबात नाव घातलं, आणि केस कापायलाही ती आता तिकडेच जाते. नुआला तिच्या दारात अजूनही पत्रं टाकते. भेटल्या तर मान हलवतात.

त्या दिवशी कप धुऊन झाल्यावर मी नुआलाला विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने जरा विचार केला. तिला खरंच शोधावं लागत होतं, मनाच्या कोपऱ्यात कुठे काही सलतंय का म्हणून.

"छान," ती म्हणाली. "खूप छान वाटतंय, ब्रीजी. भूक लागलीये." आणि तिने बिस्किटांचा डबा फोडला.

फिंटन तिला घरी न्यायला आला तेव्हा ती चौथं की पाचवं बिस्कीट खात होती. तो दारात थांबला, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिचा कोट खुंटीवरून काढला आणि तिने हात घालावेत म्हणून धरून उभा राहिला, पाहुण्या बाईसाठी धरतात तसा.